पाणी तापविण्यास जळण किती? : न्हाणीघरापासून गुऱ्हाळापर्यंतचा हिशेब

शेतकऱ्याच्या घरी बियाण्याचा हिशेब असतो, खताचा असतो, मजुरीचाही असतो. जळणाचा हिशेब मात्र क्वचितच ठेवला जातो. सरपण रानातून येते, गोवऱ्या गोठ्यातून येतात आणि चिपाडे चरकातून बाहेर पडतात. त्यांसाठी रोख पैसा मोजावा लागत नाही, म्हणून ती फुकटच आहेत अशी आपली समजूत झालेली असते. वस्तुतः जळण कधीच फुकट नसते. जी गोवरी चुलीत जाते, तिचे खत शेतात जात नाही. जे पाचट चुलवाणात जाते, त्याचे आच्छादन जमिनीवर पडत नाही. जे लाकूड घरातील स्त्री दोन-तीन कोसांवरून डोक्यावर वाहून आणते, त्यात तिचा अर्धा दिवस खर्ची पडलेला असतो.

शेतावर आणि घरी जळणाचा मोठा भाग एकाच कामासाठी खर्च होतो. ते काम म्हणजे पाणी तापविणे. आंघोळीचे पाणी, जनावरांचे आंबोण, हळदीची काहील आणि उसाचा रस या सर्वांत तापते ते मुख्यतः पाणीच. म्हणून एका पाण्याचा हिशेब समजला, की बहुतेक सर्व जळणाचा हिशेब समजतो. हा हिशेब कठीण नाही. गुणाकार व भागाकार येणारा कोणीही मनुष्य तो करू शकेल. त्यातून जळण कोठे वाया जाते हे निश्चितपणे कळते, आणि नुसत्या अंदाजाने केलेल्या काटकसरीपेक्षा ते ज्ञान अधिक उपयोगी पडते.

हिशेबाचे तीन आकडे

पहिला आकडा पाण्याचा. एक लिटर पाणी, म्हणजेच एक किलो पाणी, एक अंश सेल्सिअसने तापविण्यास जेवढी उष्णता लागते, तिला एक किलोकॅलरी म्हणतात. या लेखात तिला आपण सोईसाठी ‘उष्मांक’ म्हणू. पाणी किती लिटर आणि ते किती अंशांनी तापवावयाचे, यांचा गुणाकार केला की लागणारे उष्मांक मिळतात. दहा लिटर पाणी तीस अंशांनी तापविण्यास १० × ३० म्हणजे ३०० उष्मांक पुरतात.

दुसरा आकडा जळणाचा. प्रत्येक जळणात किलोमागे ठराविक उष्णता साठविलेली असते. चांगल्या वाळलेल्या लाकडात ती सुमारे ३,५०० उष्मांक, गोवरीत सुमारे २,१०० आणि स्वयंपाकाच्या गॅसमध्ये सुमारे १०,९०० उष्मांक असते. गोबर गॅसच्या एका घनमीटरात सुमारे ४,७०० उष्मांक असतात. विजेच्या एका युनिटमधून ८६० उष्मांक मिळतात.

तिसरा आकडा चुलीचा असून तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. जळणातील सर्व उष्णता भांड्यातील पाण्यास मिळत नाही. काही धुराबरोबर निघून जाते, काही चुलीच्या मातीत मुरते, काही ज्वाळा भांड्याच्या बाजूने वर जाऊन हवेत विरते आणि काही जळणे अपुरे राहिल्यामुळे काजळीच्या रूपाने वाया जाते. शंभर भागांपैकी जेवढे भाग पाण्यास लागतात, तेवढी त्या चुलीची कार्यक्षमता. तीन दगडांच्या किंवा साध्या मातीच्या चुलीची कार्यक्षमता सामान्यतः दहा ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान असते. धुराडे व जाळी असलेली सुधारित चूल नीट बांधली असेल, तर ती वीस टक्क्यांच्या पुढे जाते. गॅसची शेगडी साठ टक्क्यांच्या आसपास उष्णता भांड्यास देते.

आता सूत्र सोपे झाले. लागणारे उष्मांक भागिले जळणाचे किलोमागचे उष्मांक आणि चुलीची कार्यक्षमता यांचा गुणाकार, म्हणजे लागणारे जळण.

आंघोळीच्या पाण्याचे उदाहरण

एका कुटुंबास सकाळी साठ लिटर ऊन पाणी लागते असे समजू. हिवाळ्यात विहिरीचे किंवा नळाचे पाणी वीस अंशांवर असेल व ते पंचेचाळीस अंशांपर्यंत तापवावयाचे असेल, तर ६० × २५ म्हणजे १,५०० उष्मांक लागतील. हेच काम निरनिराळ्या साधनांनी केल्यास पुढीलप्रमाणे खर्च येतो.

कोष्टक १ : १,५०० उष्मांकांसाठी लागणारे जळण

वाळलेले लाकूड, साधी चूल (कार्यक्षमता १२ टक्के) : सुमारे ३.६ किलो
वाळलेले लाकूड, सुधारित चूल (२४ टक्के) : सुमारे १.८ किलो
गोवऱ्या, साधी चूल (१२ टक्के) : सुमारे ६ किलो
गोबर गॅस (५५ टक्के) : सुमारे ०.५८ घनमीटर
स्वयंपाकाचा गॅस (६० टक्के) : सुमारे ०.२३ किलो
वीज, पाण्यात बुडणारा हीटर (९५ टक्के) : सुमारे १.८५ युनिट

या कोष्टकातील पहिली ओळ लक्षपूर्वक पाहावी. सर्वच्या सर्व उष्णता पाण्यास मिळती, तर ४३० ग्रॅम लाकडात हे काम झाले असते. प्रत्यक्षात साडेतीन किलोंहून अधिक लाकूड जळते. म्हणजे आठ काटक्यांपैकी एक पाण्यासाठी जळते आणि सात हवेसाठी. दररोज याप्रमाणे पाणी तापविणाऱ्या घरात वर्षाकाठी केवळ आंघोळीसाठी सुमारे तेरा क्विंटल लाकूड लागेल. चुलीची कार्यक्षमता दुप्पट झाली, तर त्यांपैकी साडेसहा क्विंटल वाचेल.

२०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे ग्रामीण भागातील पुष्कळ घरांत गॅसची शेगडी पोहोचली. तथापि अनेक घरांत स्वयंपाक गॅसवर आणि आंघोळीचे पाणी सरपणावर, अशी विभागणी अजूनही दिसते. त्यामागचे कारण याच हिशेबात आहे. रोज ०.२३ किलो गॅस या दराने १४.२ किलोंचा सिलिंडर केवळ आंघोळीच्या पाण्यासाठी जेमतेम दोन महिने पुरतो. म्हणून अशा घरी न्हाणीघराची चूल सुधारणे हे स्वयंपाकघराची चूल सुधारण्याइतकेच महत्त्वाचे ठरते.

या संदर्भात आपल्याकडील जुना तांब्याचा बंब आठवावा. बंबाच्या मधोमध जाळाची नळी असते आणि तिच्या सभोवार पाणी असते. जाळ व धूर त्या नळीतून वर जाताना त्यांची उष्णता चहूबाजूंनी पाण्यासच मिळते. चुलीवर ठेवलेल्या हंड्यास ती मुख्यतः बुडाकडूनच मिळते. बंबात चिंध्याचपाट्या, वाळक्या शेंगा, नारळाच्या करवंट्या असे बारीकसारीक जळणही चालते, आणि त्या मानाने पाणी लवकर तापते. उष्णतेच्या वाटेत पाणी उभे करावे, हे जे तत्त्व आपल्या वाडवडिलांच्या बंबात होते, तेच आजच्या सुधारित साधनांतही आहे.

तापविणे वेगळे, आटविणे वेगळे

आतापर्यंतचा हिशेब पाणी उकळी येईपर्यंतचा झाला. उकळी आल्यानंतर मात्र हिशेब निराळा होतो. उकळत्या पाण्याखाली कितीही जाळ घातला, तरी त्याचे तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही. मग ती उष्णता जाते कोठे? ती पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने १७६० नंतरच्या काही वर्षांत ही गोष्ट प्रयोगाने दाखविली. तापमापकावर दिसत नाही म्हणून या उष्णतेस ‘गुप्त उष्णता’ असे नाव पडले.

हा खर्च लहान नाही. एक किलो पाणी पंचवीस अंशांपासून शंभर अंशांपर्यंत तापविण्यास ७५ उष्मांक लागतात. त्याच उकळत्या पाण्याची संपूर्ण वाफ करावयास ५४० उष्मांक लागतात, म्हणजे सातपटींहून अधिक. आंबोणाच्या पातेल्यावर झाकण नसले आणि निष्कारण उकळत राहून त्यातील एक लिटर पाणी उडून गेले, तर साध्या चुलीवर त्यापायी सुमारे १.३ किलो लाकूड व्यर्थ गेले असे समजावे. पातेल्यावर झाकण ठेवणे ही गोष्ट क्षुल्लक वाटते, परंतु हिशेबात ती क्षुल्लक नाही.

हळद शिजविताना हाच नियम ध्यानात ठेवावा. काहिलीतील पाण्यास एकदा उकळी आली, की मोठा जाळ घातल्याने हळकुंडे लवकर शिजत नाहीत, कारण पाणी शंभर अंशांहून अधिक तापत नाही. जास्तीचा जाळ केवळ वाफ करतो. काहील पाल्याने व ओल्या गोणपाटाने झाकून, उकळी टिकेल एवढाच मंद जाळ ठेवावा.

हळदीत वाफ म्हणजे तोटा. गुळात मात्र वाफ करणे हेच काम असते. म्हणून शेतावरील सर्व कामांत गुऱ्हाळास सर्वाधिक जळण लागते, आणि तेथील हिशेब विस्ताराने पाहणे अगत्याचे आहे.

गुऱ्हाळाचा हिशेब

एक टन, म्हणजे १,००० किलो, ऊस चरकात घातला असे धरू. चांगल्या चालीच्या चरकातून त्याचा सुमारे ६२० किलो रस निघतो व ३८० किलो ओली चिपाडे उरतात. रसात शेकडा १८ भाग साखर व इतर विद्राव्य पदार्थ असल्यास त्यापासून सुमारे ११० किलो गूळ मिळेल. मळीबरोबर सुमारे दहा किलो वजन निघून जाते. राहिलेले ५०० किलो पाणी आहे आणि ते वाफ करून घालवावयाचे आहे.

प्रथम रस तापविण्याची उष्णता काढू. रसात साखर असल्याने त्यास पाण्यापेक्षा थोडी कमी, सुमारे नऊ-दशांश, उष्णता पुरते. पंचवीस अंशांवरील रस शंभर अंशांवर नेण्यासाठी ६२० × ७५ × ०.९ म्हणजे सुमारे ४२,००० उष्मांक लागतील. त्यानंतर ५०० किलो पाणी आटविण्यास ५०० × ५४० म्हणजे २,७०,००० उष्मांक लागतील. एकूण ३,१२,००० उष्मांक झाले. पाक अखेरीस सुमारे ११८ अंशांपर्यंत चढतो. त्यासाठी लागणारी उष्णता या मानाने अल्प असल्याने ती सोडून देऊ.

आता जळणाची बाजू पाहू. ३८० किलो ओल्या चिपाडांत जवळजवळ निम्मे पाणी असते आणि कोरडा भाग सुमारे १८५ किलो भरतो. उन्हात वाळवून त्यांत दहा टक्के ओलावा राहिला, की त्यांचे वजन सुमारे २०५ किलो होते. अशा वाळलेल्या चिपाडाच्या एका किलोतून सुमारे ३,७०० उष्मांक मिळू शकतात. म्हणजे त्या उसाच्या चिपाडांत एकूण सुमारे ७,५८,००० उष्मांक आहेत.

काम ३,१२,००० उष्मांकांचे आहे आणि जवळ ७,५८,००० उष्मांक आहेत. वरवर पाहता जळण दुपटीहून अधिक आहे. तरीही अनेक गुऱ्हाळांवर हंगामाच्या मध्यास चिपाडे कमी पडतात, बाहेरून लाकूड आणावे लागते किंवा पाचट जाळावे लागते. याचे कारण पुढील कोष्टकावरून स्पष्ट होईल.

कोष्टक २ : एक टन उसाचा गूळ करण्यास लागणारी वाळलेली चिपाडे (उपलब्ध : २०५ किलो)

चुलवाणाची कार्यक्षमता २५ टक्के : लागतील ३३७ किलो, तूट १३२ किलो
चुलवाणाची कार्यक्षमता ३० टक्के : लागतील २८१ किलो, तूट ७६ किलो
चुलवाणाची कार्यक्षमता ४० टक्के : लागतील २११ किलो, तूट ६ किलो
चुलवाणाची कार्यक्षमता ४५ टक्के : लागतील १८७ किलो, शिल्लक १८ किलो

यावरून एक निश्चित मर्यादा हाती लागते. जळणातील शंभर भागांपैकी एक्केचाळीस भाग उष्णता काहिलीस मिळाली, तर उसाचे जळण उसासच पुरते. त्याहून कमी मिळाली, तर गुऱ्हाळ जळणाचे देणेकरी होते. ही मर्यादा गाठणे अशक्य नाही. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार काहिलींच्या एका चुलवाणावर एक किलो गुळास २.३९ किलो चिपाड लागत असल्याचे आढळले होते. जळण नियंत्रित रीतीने घातल्यावर तो खर्च १.७३ किलोंवर आला. आपल्या कोष्टकातील तीस टक्क्यांच्या ओळीत किलो गुळास सुमारे २.५५ किलो व पंचेचाळीस टक्क्यांच्या ओळीत १.७ किलो चिपाड पडते. दोन्ही आकडे परस्परांशी चांगले जुळतात.

हंगामाचा विचार केल्यास फरक किती मोठा आहे हे कळेल. ज्या गुऱ्हाळावर हंगामात एक हजार टन ऊस गाळला जातो, तेथे कार्यक्षमता तीस टक्क्यांवरून चाळीस टक्क्यांवर नेल्यास टनामागे ७० किलो, म्हणजे एकूण ७० टन वाळलेले जळण वाचेल. हे जळण विकत घेण्याची वेळ येते तेव्हा त्याची किंमत गुळाच्या नफ्यातूनच जाते.

ओल्या चिपाडाने नुकसान कसे होते

चिपाडे वाळवून जाळावीत हे सर्वांना ठाऊक आहे. त्याचे कारण मात्र नीट समजून घेतले पाहिजे. चरकातून निघालेल्या ओल्या चिपाडाच्या एका किलोतून सुमारे १,८०० उष्मांक मिळतात, म्हणजे वाळलेल्याच्या निम्म्याहूनही कमी. परंतु ओल्याचे वजनही अधिक असते. ३८० किलोंस १,८०० या दराने ६,८४,००० उष्मांक येतात. वाळविलेल्या ढिगाच्या मानाने ही घट दहा टक्क्यांच्या आसपास आहे. चिपाडातील पाण्याची वाफ करण्यात जी उष्णता जाते, तेवढीच ही घट होय.

खरे नुकसान याहून निराळ्या मार्गाने होते. ओले जळण नीट पेट घेत नाही. ज्वाळेची धग मंदावते, धूर काळा होतो, आणि जळणातून निघालेले वायू पूर्ण न जळताच धुराड्यातून निघून जातात. रस उकळण्यास वेळ लागतो, आणि रस काहिलीत जितका अधिक वेळ राहील, तितका गुळाचा रंग बिघडण्याचा संभव वाढतो. म्हणून ओले चिपाड जळण तर खातेच, शिवाय मालाची प्रतही उतरविते.

लाकूड वजनावर विकत घेताना ओलाव्याचा तोटा दुहेरी असतो. एक तर पाण्याचे पैसे द्यावे लागतात, आणि मग तेच पाणी उडविण्यासाठी लाकूड जाळावे लागते. शक्यतो लाकूड एक उन्हाळा आधी घेऊन, फोडून, पावसापासून आडोशास रचून ठेवावे.

चिपाडे अंगणात जाड ढीग न करता पातळ पसरावीत, दिवसातून एक-दोनदा उलटावीत व वाळल्यावर गंजी घालावी. हंगामाच्या पहिल्या काही दिवसांत नवी चिपाडे वाळलेली नसतात. त्यासाठी मागील हंगामातील थोडी गंजी झाकून राखून ठेवणे इष्ट असते. अवेळी पावसाची चिन्हे दिसल्यास ताडपत्री हाताशी असावी.

चुलवाणात काय सुधारावे

एक किलो वाळलेले चिपाड पूर्ण जळण्यास सुमारे पाच किलो हवा लागते. ही हवा जळणाच्या खालून मिळाली, तर जळणे पूर्ण होते. म्हणून चुलवाणात बिडाच्या सळयांची जाळी बसवावी आणि जाळीखाली राख साचू देऊ नये. राखेने जाळी बुजली, की हवेचा मार्ग बंद होतो. याउलट जळण घालण्याचे तोंड सताड उघडे राहिले, तर गरजेपेक्षा कितीतरी अधिक थंड हवा आत शिरते, ती फुकट तापते आणि धुराड्यातून निघून जाते. दोन्ही प्रकार टाळावेत.

जळण थोडे थोडे व सारख्या अंतराने घालावे. एकदम मोठा भारा लोटला, की काही वेळ काळा धूर निघतो आणि नंतर जाळ मंदावतो. चुलवाणात जळण घालणाऱ्या गड्याने धुराड्याच्या टोकाकडे लक्ष ठेवावे. तेथे काळा धूर दिसला तर हवा कमी पडत आहे किंवा जळण अधिक झाले आहे. तेथे ज्वाळा दिसली तर काहिलीखाली खेळावयाची उष्णता आकाशात चालली आहे. बारीक, फिकट धूर हे चांगल्या जळणाचे लक्षण होय. गुळाची प्रत गुळव्याच्या हातात असते, तसा जळणाचा खर्च या गड्याच्या हातात असतो. त्यास हा हिशेब समजावून सांगणे हे गुऱ्हाळमालकाचे कर्तव्य आहे.

धुराड्याकडे जाणाऱ्या तप्त धुराचा उपयोग करून घेणे ही पुढची पायरी. मुख्य काहिलीच्या मागे धुराच्या वाटेवर दुसरी काहील बसवून तीत पुढील आदणाचा रस तापविता येतो. रस पंचवीस अंशांवरून पंच्याऐंशी अंशांपर्यंत अशा फुकट उष्णतेवर तापला, तर ६२० × ६० × ०.९ म्हणजे सुमारे ३३,५०० उष्मांक वाचतात. एकूण ३,१२,००० उष्मांकांच्या मानाने ही बचत दहा टक्क्यांहून थोडी अधिक आहे. याखेरीज काहिलीच्या बुडास धातूच्या पट्ट्या जोडून तिचे उष्णता घेणारे क्षेत्र वाढविण्याची पद्धत लखनौच्या भारतीय ऊस संशोधन संस्थेने विकसित केली आहे. नवे चुलवाण बांधण्यापूर्वी कोल्हापूर येथील प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्राचा किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा.

काहिलीच्या बुडास बसलेली काजळी नियमितपणे खरवडून काढावी. काजळीतून उष्णता सहज पार होत नाही. भिंतीच्या भेगा मातीने लिंपून घ्याव्यात. जळण कमी पडले म्हणून टायर, रबर किंवा प्लास्टिक जाळणे सर्वथा वर्ज्य समजावे. त्यांचा विषारी धूर कामकऱ्यांच्या व गावकऱ्यांच्या आरोग्यास घातक असतो.

शेणाचा हिशेब

जळणाच्या तुटीचा सर्वांत मोठा भार अखेरीस गोठ्यावर पडतो. लाकूड मिळेनासे झाले, की शेणाच्या गोवऱ्या थापल्या जातात. एक किलो ताज्या शेणापासून सुमारे २०० ग्रॅम वाळलेली गोवरी मिळते. तिच्यात ४२० उष्मांक असतात आणि साध्या चुलीवर त्यांपैकी सुमारे ५० उष्मांक पाण्यास लागतात. तेच एक किलो शेण गोबर गॅस संयंत्रात घातल्यास सुमारे ४० लिटर गॅस मिळतो. त्यात सुमारे १८८ उष्मांक असतात, परंतु शेगडीवर त्यांपैकी १०० हून अधिक उष्मांक भांड्यास मिळतात. म्हणजे जळण म्हणूनच पाहिले, तरी गॅसच्या मार्गाने शेण दुप्पट काम देते. शिवाय गॅस निघाल्यानंतर उरलेली रबडी नत्रासह खत म्हणून शिल्लक राहते. गोवरीची मात्र राखच उरते, आणि तिच्यातील नत्र व सेंद्रिय द्रव्य जळून गेलेले असते.

मागे पाहिलेल्या साठ लिटर पाण्यासाठी ०.५८ घनमीटर गॅस, म्हणजे सुमारे पंधरा किलो शेण लागेल. दोन मोठी जनावरे असलेल्या घरी एवढे शेण रोज सहज मिळते. हेच पाणी गोवऱ्यांवर तापविल्यास सहा किलो गोवऱ्या, म्हणजे तीस किलो ताजे शेण खर्ची पडते, आणि शेतास काहीच परत मिळत नाही. आपल्या जमिनींतील सेंद्रिय कर्ब घटत चालला असताना हा व्यवहार परवडणारा नाही.

आपल्या चुलीची परीक्षा

वरील आकडे सर्वसाधारण आहेत. प्रत्येकाची चूल निराळी, जळण निराळे. म्हणून आपल्या चुलीची परीक्षा आपणच करावी. त्यासाठी एक तराजू, एक तापमापक व लिटरचे माप एवढेच साहित्य पुरते.

दहा लिटर पाणी मोजून भांड्यात घ्यावे व त्याचे तापमान लिहून ठेवावे. वाळलेले लाकूड तोलून घ्यावे. भांड्यावर झाकण ठेवून, पाण्याचे तापमान पंच्याण्णव अंश होईपर्यंत जाळ घालावा. नंतर जाळ विझवून उरलेले लाकूड तोलावे. चुलीतील कोळसेही तोलावेत. कोळशात लाकडाच्या सुमारे दुप्पट उष्णता असते, म्हणून त्यांच्या वजनाची दुप्पट जळालेल्या लाकडातून वजा करावी.

समजा, पाणी पंचवीस अंशांवरून पंच्याण्णव अंशांवर गेले आणि वजाबाकी करून दीड किलो लाकूड जळाल्याचे आढळले. पाण्यास मिळालेले उष्मांक १० × ७० म्हणजे ७००. लाकडातील उष्मांक १.५ × ३,५०० म्हणजे ५,२५०. सातशेस पाच हजार दोनशे पन्नासांनी भागून शंभरांनी गुणले असता १३ येतात. ही चूल तेरा टक्के कार्यक्षम आहे. चुलीस जाळी बसविल्यावर, तोंड लहान केल्यावर किंवा भांडे थोडे खाली घेतल्यावर हीच परीक्षा पुन्हा करावी. आकडा वाढला तर सुधारणा खरी. न वाढला तर ती मोडून दुसरी करून पाहावी.

गुऱ्हाळावर एका आदणास किती चिपाड लागले व किती गूळ निघाला, हे आठवड्यातून एकदा तोलून वहीत लिहावे. किलो गुळास दोन किलोंहून अधिक वाळलेले चिपाड लागत असेल, तर चुलवाणात दोष आहे असे खुशाल समजावे आणि तो शोधण्याच्या मागे लागावे. हा आकडा १.८५ किलोंच्या आत आला, तर त्या गुऱ्हाळास बाहेरचे जळण आणण्याची गरज उरणार नाही. त्याचे पाचट शेतातच राहील आणि त्याच्या गोठ्यातील शेण खताच्या खड्ड्यात जाईल.

गावोगावच्या शेतकरी बंधुभगिनींनी या हंगामात निदान एकदा तरी आपले जळण तोलून पाहावे, अशी आग्रहाची विनंती आहे. वहीत एकदा आकडा उतरला, की चुलीत जाणारी प्रत्येक काटकी आपोआप नजरेत येऊ लागते.